रोग बरा होतो, सुई तीच राहते

हिपेटायटिस सी या रोगावरील उपचार हा आधुनिक वैद्यकाचा एक मोठा विजय मानला जातो. या विषाणूची ओळख १९८९ साली पटली. यकृताचा वर्षानुवर्षे नाश करणारा हा रोग आज आठ ते बारा आठवडे गोळ्या घेतल्याने शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत समूळ बरा होतो. तथापि, गोवर किंवा देवी एकदा येऊन गेल्यावर शरीराला जे संरक्षण लाभते, ते येथे लाभत नाही. या रोगावर लसही नाही. त्यामुळे शिरेतून मादक द्रव्ये घेणारा मनुष्य बरा झाल्यावर दुसऱ्याची वापरलेली सुई हाती घेतो, तेव्हा त्याला तोच रोग पुन्हा जडू शकतो. विविध देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, बरे होऊनही सुई न सुटलेल्या शंभर व्यक्तींमागे वर्षाला सुमारे सहाजणांना पुन्हा संसर्ग होतो.

मग अशांवर सरकारने पैसा का खर्चावा, असा प्रश्न करदाता विचारतो. ऑस्ट्रेलियाने २०१६ च्या मार्चमध्ये त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. पाच वर्षांसाठी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद करून तेथील सरकारने औषधकंपन्यांशी करार केला आणि रुग्णसंख्येवर मर्यादा ठेवली नाही. व्यसन सुटलेले नाही किंवा मनुष्य तुरुंगात आहे, या कारणास्तव कोणालाही वगळले नाही. यामागील हिशेब सरळ होता. ज्याच्या रक्तात विषाणू नाही त्याच्या सुईतून तो पसरत नाही. म्हणजे व्यसनी माणसावरील उपचार हा इतरांचाही बचाव असतो.

न्यू साउथ वेल्समधील चार तुरुंगांत हे प्रत्यक्ष आढळून आले. उपचार सर्वांना खुले केल्यावर नव्या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मात्र एकदा बरे झालेल्यांतील पुनर्संसर्गाचे प्रमाण प्रथमच संसर्ग होणाऱ्यांपेक्षा अधिकच राहिले. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. तुरुंगाबाहेर १९८० च्या दशकापासून निर्जंतुक सुया देणारी केंद्रे चालविणाऱ्या या देशातील एकाही तुरुंगात आजही ती सोय नाही. भिंतीआड सुया चोरून येतात, थोड्या असतात, आणि म्हणूनच अनेकांच्या हातांतून फिरतात.

तुरुंगरक्षकांचा याला विरोध आहे व तो निराधार नाही. १९९० साली सिडनीतील एका तुरुंगात कैद्याने रक्ताने भरलेली सुई रक्षकाला टोचली. त्या रक्षकाला एचआयव्हीची लागण झाली व पुढे त्याचा मृत्यू झाला. ही भीती कोणी क्षुल्लक मानू नये. परंतु ती सुई सरकारने दिलेली नव्हती, हेही विसरून चालणार नाही. स्वित्झर्लंड व स्पेन येथील तुरुंगांत १९९० च्या दशकापासून जुनी सुई घेऊन नवी देण्याची पद्धत राबविली गेली. तेथील अनुभव असा की, अशा सुयांचा शस्त्र म्हणून वापर होत असल्याचे आढळले नाही. झडतीच्या वेळी रक्षकाला टोचणारी लपविलेली सुई निर्जंतुक असणे, हे त्याच्याही हिताचेच नव्हे काय?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, एका सुईची किंमत आणि एका उपचाराची किंमत यांत तुलनाच नाही. महाग ते पुरवावयाचे आणि स्वस्त ते नाकारावयाचे, हा गळक्या घागरीत पाणी भरण्याचा प्रकार झाला. पुन्हा आजारी पडलेल्याला पुन्हा औषध द्यावेच; पण त्यालाच कृतघ्न ठरवून व्यवस्थेने आपले अपयश झाकू नये.

भारताने २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून या रोगाचे औषध मोफत केले. आपल्याकडील कारखान्यांनी ते स्वस्तही केले आहे. २०३० पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. औषध स्वस्त झाले म्हणून सुईकडे दुर्लक्ष केले, तर ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांतील धडा आपल्यालाही नव्याने, आणि अधिक किंमत देऊन, शिकावा लागेल.