पती-पत्नी स्थलांतर अर्ज आणि प्रतीक्षेचा काळ : अमेरिकी कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विवाहानंतर पती-पत्नींनी एकत्र राहावे, ही अपेक्षा सर्वच समाजांत गृहीत धरलेली असते. मात्र दोघांपैकी एक जण परदेशी स्थायिक असेल, तर एकत्र राहण्याचा प्रश्न कुटुंबाच्या कक्षेतून बाहेर पडतो आणि राज्यसंस्थेच्या परवानगीचा प्रश्न बनतो. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना हा अनुभव अमेरिकेच्या संदर्भात आलेला आहे. लग्न होते, रजा संपताच जावई परत जातो, आणि मुलगी ‘कागदपत्रे झाली की जाणार’ या एका उत्तरावर दिवस काढू लागते. अशा मुली आपल्या वर्गात असतात. कधी ती आपली सहकारी अध्यापिकाही असते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा काय, नोकरीचा राजीनामा आताच द्यावा काय, हे प्रश्न ती आपल्यालाच विचारते. त्यांचे उत्तर देण्यासाठी ही प्रतीक्षा कशामुळे निर्माण होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेचा मूळ स्थलांतर कायदा १९५२ चा आहे. १९६५ च्या दुरुस्तीने वंश व राष्ट्र यांवर आधारित जुनी कोटापद्धती रद्द झाली आणि कौटुंबिक नात्याला प्राधान्य मिळाले. आजची वर्गवारी प्रामुख्याने १९९० च्या कायद्यातून आली आहे. या वर्गवारीत पती वा पत्नी यांचे दोन स्वतंत्र गट पडतात.

पहिला गट अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराचा. त्याला ‘निकटचे नातेवाईक’ मानले जाते आणि त्याच्या व्हिसांच्या संख्येवर वार्षिक मर्यादा नाही. दुसरा गट ग्रीन कार्डधारकाच्या, म्हणजे कायम रहिवाशाच्या, जोडीदाराचा. तो ‘एफ२ए’ या प्राधान्यवर्गात येतो. दुसऱ्या प्राधान्यवर्गासाठी वर्षाला १,१४,२०० व्हिसांची मूळ तरतूद असून त्यांपैकी ७७ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार, व्हिसा जोडीदार व अल्पवयीन मुले यांच्या वाट्याला येतात. हा आकडा भारतापुरता नसून साऱ्या जगासाठी आहे.

यावरून प्रतीक्षेचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक प्रशासकीय प्रतीक्षा : अर्ज तपासणे, कागद मागवणे, मुलाखतीची तारीख देणे यांत जाणारा काळ. दुसरी संख्यामर्यादेची प्रतीक्षा : अर्ज मंजूर झाला, तरी व्हिसाचा क्रमांक उपलब्ध होईपर्यंत रांगेत थांबणे. नागरिकाच्या पत्नीला फक्त पहिली प्रतीक्षा करावी लागते. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला बहुतेक काळ दोन्ही कराव्या लागल्या आहेत. नातेवाइकांच्या चर्चेत ‘अमक्याच्या सुनेचे वर्षात झाले, आमचे का होत नाही’ असा जो प्रश्न येतो, त्याचे उत्तर पुष्कळदा या भेदात असते.

अर्जाचे टप्पे

प्रक्रियेचा आरंभ ‘आय-१३०’ या अर्जाने होतो. तो अमेरिकेतील जोडीदार तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे सादर करतो. हा विभाग जुन्या स्थलांतर खात्याच्या विभाजनानंतर मार्च २००३ मध्ये अस्तित्वात आला. विवाह खरा व कायदेशीर आहे, एवढेच या अर्जाने सिद्ध करावयाचे असते. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती ‘अग्रक्रम तारीख’ ठरते. रांगेतील जागा या तारखेवरून मोजली जाते, मंजुरीच्या तारखेवरून नव्हे.

मंजुरीनंतर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे शुल्क, नागरी दाखले आणि पालनपोषणाचे हमीपत्र द्यावे लागते. १९९६ च्या कायद्याने हे हमीपत्र न्यायालयात अंमलबजावणीयोग्य केले. सर्वसाधारणपणे हमीदाराचे उत्पन्न शासकीय दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि वाणिज्य दूतावासातील मुलाखत होते. महाराष्ट्रातील अर्जदारांना यासाठी मुंबईस जावे लागते.

एफ२ए वर्गातील रांग कोठवर आली, हे परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा पत्रकातून कळते. ही रांग एकसारखी पुढे सरकत नाही. २००० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘व्ही’ नावाचा तात्पुरता व्हिसा निर्माण केला. २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज केलेल्या आणि तीन वर्षे वा अधिक काळ ताटकळलेल्या जोडीदारांना व मुलांना अमेरिकेत येऊन प्रतीक्षा करू देण्याची ती सोय होती. विभक्तता असह्य झाल्याची ती जणू कबुलीच होती. परंतु त्या तारखेनंतरच्या अर्जदारांना तिचा लाभ झाला नाही. पुढे जुलै २०१९ पासून हा वर्ग काही वर्षे खुला राहिला, तर एप्रिल २०२३ मध्ये तेथे पुन्हा मर्यादा तारीख लागू झाली.

कायम रहिवाशाची विसंगती

या व्यवस्थेतील सर्वांत लक्षणीय विसंगती उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एकाच कंपनीतील दोन अभियंते एकाच मुहूर्तावर पुण्यात विवाह करतात. पहिला ‘एच-१बी’ या तात्पुरत्या व्हिसावर आहे. त्याची पत्नी आश्रित म्हणून ‘एच-४’ व्हिसा घेऊन थोड्याच काळात त्याच्याजवळ जाऊ शकते. दुसऱ्याला महिन्यापूर्वीच ग्रीन कार्ड मिळाले आहे. त्याच्या पत्नीसाठी असा आश्रित व्हिसा नाही. तिला एफ२ए च्या रांगेत उभे राहावे लागते. ज्याचे वास्तव्य तात्पुरते, त्याचा संसार लगेच सुरू होतो आणि ज्याचे कायमचे, त्याचा अडतो.

येथे तारखांचा क्रम निर्णायक ठरतो. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झालेला असेल, तर पत्नी त्याच अर्जाच्या आधारे मागाहून जाऊ शकते आणि तिला पतीचीच अग्रक्रम तारीख लागू होते. विवाह एक दिवस नंतर झाला, तरी हा हक्क उरत नाही. लग्नाची तिथी ठरवताना पत्रिका पाहणाऱ्या कुटुंबांनी ही तारीखही पाहणे हिताचे असते.

दुसऱ्या अभियंत्याच्या पत्नीला पर्यटक व्हिसावर भेटीस जाणेही कठीण असते. पर्यटक व्हिसासाठी परत येण्याचा हेतू पटवून द्यावा लागतो आणि तिचा प्रलंबित अर्ज तर कायम जाण्याचा हेतू सांगत असतो. पतीनेच भारतात येऊन राहावे म्हटले, तर सहा महिन्यांहून अधिक सलग अनुपस्थितीने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या अखंड वास्तव्याला बाध येऊ शकतो; वर्षाहून अधिक काळ गेला, तर ग्रीन कार्डच धोक्यात येते. तो नागरिक झाला की पत्नी आपोआप पहिल्या गटात जाते. मात्र या बदलात एक खाच आहे. एफ२ए वर्गात आईच्या अर्जात समाविष्ट असणारी मुले पहिल्या गटात तशी समाविष्ट राहत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

दाखल्यांचा प्रश्न

प्रशासकीय विलंबाचे एक कारण आपल्याकडेच आहे. विवाहानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलण्याची प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. परिणामी जन्मदाखल्यावर एक नाव, पदवीवर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, अशी स्थिती निर्माण होते. ही एकच व्यक्ती आहे, हे परक्या अधिकाऱ्याला कागदानेच पटवावे लागते. राजपत्रातील नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र व शाळा सोडल्याचा दाखला यांची जुळवाजुळव त्यासाठी करावी लागते.

विवाह नोंदणीबाबतही तसेच आहे. राज्यात १९९८ चा विवाह नोंदणीविषयक अधिनियम असून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही लग्नपत्रिका आणि छायाचित्रे हाच पुरावा पुरेसा समजून नोंदणी लांबणीवर टाकली जाते. नोंदणी जितकी उशिरा, तितकी शंका अधिक.

प्रतीक्षेचा भार

मुलाखत झाली म्हणजे प्रतीक्षा संपली, असेही नाही. प्रकरण अधिक चौकशीसाठी राखून ठेवले जाऊ शकते आणि नकार मिळाल्यास न्यायालयाचे दार बहुतांशी बंद असते. परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योझ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर १९८६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डही दोन वर्षांपुरते सशर्त मिळते. अटी हटवण्याचा अर्ज साधारणतः दोघांनी मिळून करावयाचा असतो. म्हणजे तेथे पोहोचल्यावरही पत्नीचे स्थैर्य पतीच्या सहीशी बांधलेले राहते. छळ वा घटस्फोट झाल्यास ही सही माफ करून घेण्याची तरतूद आहे, परंतु ती अनेकींना ठाऊक नसते.

भारतीय विधि आयोगाने २००९ मधील २१९ व्या अहवालात आणि पुन्हा २०२४ मधील २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी कायद्याची गरज प्रतिपादली. विधि आयोगाला दोनदा या प्रश्नाकडे वळावे लागले, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. कारण पतीचा काळ नोकरीत, बढतीत, नागरिकत्वाच्या दिशेने पुढे जात असतो. पत्नीचा काळ मात्र थांबलेला असतो. ‘आज ना उद्या जायचेच’ या समजुतीने ती शिक्षण सोडते, नोकरी नाकारते, माहेर आणि सासर यांच्यामध्ये कोठेच पुरती राहत नाही. कायद्यातील काही वर्षांची रांग तिच्या आयुष्यातील अध्ययनाची आणि उमेदवारीची वर्षे खाऊन टाकते.

निष्कर्ष

जोडीदाराच्या स्थलांतर अर्जाची प्रतीक्षा हा केवळ दफ्तरदिरंगाईचा परिणाम नाही. तिचा मोठा भाग कायद्याने ठरवलेल्या संख्येतून आणि वर्गवारीतून निर्माण होतो. म्हणून अर्ज कोणत्या वर्गात आहे, हे कळले की तिचे स्वरूप बऱ्याच अंशी ओळखता येते. विवाहापूर्वीच वराच्या वास्तव्याचा प्रकार विचारणे, विवाहाची तत्काळ नोंदणी करणे आणि नाव बदलण्याची घाई न करणे, या तीन गोष्टी कुटुंबाच्या हाती आहेत. अध्यापकांच्या हातीही एक गोष्ट आहे. प्रवेश घेऊ की नको, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीस प्रवेश घेण्यास सांगावे. व्हिसा आधी आला, तर एक सत्र वाया जाईल. न आला, तर पदवी हाती असेल.