औषधजन्य इजा आणि नुकसानभरपाईचा हक्क : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

रोग बरा व्हावा म्हणून घेतलेल्या औषधानेच इजा झाली, तर भरपाई कोणाकडे, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या पुराव्याच्या आधारे मागावी, हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा नाही. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. खालापूर तालुक्यातील रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. त्याच परिसरातील कातकरी व ठाकर वाड्यांवरील रुग्णाला मात्र सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या मोफत औषधाचाच आधार असतो. औषध विकत घेणारा आणि औषध मोफत मिळणारा या दोघांत कायदा कसा भेद करतो, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विषारी द्रव्य होते. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगाने रुग्णालयाची खरेदीपद्धती आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन या दोहोंतील गंभीर दोष उघड केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ संमत झाला. तथापि या द्रव्याचा धोका इतिहासजमा झालेला नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच द्रव्यामुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरमध्ये उपचार झाले होते.

इजेचे प्रकार व जबाबदारी :

औषधजन्य इजेचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

१) औषधच सदोष, भेसळयुक्त किंवा बनावट असणे : येथे प्रामुख्याने उत्पादक जबाबदार ठरतो.

२) औषध निर्दोष, परंतु निवड किंवा मात्रा चुकीची असणे : येथे डॉक्टर व रुग्णालय जबाबदार ठरतात. कोलकात्यातील उपचारांत दीर्घकाळ परिणाम करणारे स्टेरॉइड दिवसातून दोनदा दिले गेलेल्या एका महिलेचा १९९८ मध्ये मृत्यू झाला. तिचे पती डॉ. कुणाल साहा यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये व त्यावर व्याज मंजूर केले. या निकालास पंधरा वर्षे लागली, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

३) ज्ञात दुष्परिणामाची सूचना न देणे : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८२ ते ८७ मध्ये उत्पादन-दायित्वाची तरतूद असून ती जुलै २०२० पासून लागू आहे. पुरेशी सूचना न देणे हाही त्यात दोष मानला आहे. परंतु जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असते, तिच्याबाबत उत्पादकाने त्या तज्ज्ञास वाजवी रीतीने सूचना दिली असल्यास सूचना न दिल्याबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांना हा अपवाद नेमका लागू पडतो. परिणामी रुग्णाला सावध करण्याचा भार डॉक्टरवर येतो.

४) सर्व काळजी घेऊनही उद्भवलेला अटळ दुष्परिणाम : येथे कोणाचाही दोष नसल्याने सामान्यतः भरपाई मिळत नाही.

विकत घेणारा रुग्ण :

कर्जत किंवा खोपोलीच्या दुकानातून औषध घेणारा रुग्ण कायद्याच्या दृष्टीने 'ग्राहक' असतो. तो राहतो त्याच जिल्ह्यातील, म्हणजे अलिबाग येथील जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. २०२५ पासून 'ई-जागृती' या संगणकीय व्यवस्थेद्वारेही तक्रार दाखल करता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेले औषध ठरावीक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येते.

मात्र हे सर्व हक्क पुराव्यावर उभे असतात. डॉक्टरची चिठ्ठी, बॅच क्रमांक असलेले बिल, गोळ्यांचे पाकीट किंवा बाटली आणि तिच्यात उरलेले औषध यांखेरीज इजा व औषध यांचा संबंध सिद्ध करणे दुष्कर होते. सुट्या गोळ्या बिलाविना घेतल्यास उत्पादकाचे नावही हाती राहत नाही.

मोफत औषध मिळणारा रुग्ण :

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. परंतु जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली. नोंदणीचे नाममात्र शुल्क घेतले तरी ही स्थिती बदलत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु तेथे चुकीच्या औषधाने इजा झालेल्या रुग्णास रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग खुला नाही. कलम २६ मध्येही 'विकत घेतलेले' हीच अट आहे.

अशा रुग्णापुढे उरतो तो दिवाणी न्यायालयाचा मार्ग. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला औषधाचा नसून शस्त्रक्रियेतील हलगर्जीचा आहे; तरीही तो येथे मार्गदर्शक ठरतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातील १९६३ च्या घटनेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शासनास जबाबदार धरले. तत्त्व प्रस्थापित झाले, पण त्याला तेहतीस वर्षे लागली. पावसाळा संपताच वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाने केसपेपर इतका काळ कोठे जपावा?

एक तरतूद मात्र दोघांनाही समान आहे. भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास १९४० च्या अधिनियमाच्या कलम २७ नुसार किमान दहा वर्षे कारावास व किमान दहा लाख रुपये दंड होतो. २००८ च्या दुरुस्तीनुसार हा दंड भरपाई म्हणून औषध 'वापरणाऱ्यास' द्यावयाचा असतो. अर्थात त्यासाठी आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. त्याकरिता औषध निरीक्षकाकडे तातडीने तक्रार होणे आवश्यक असते.

निष्कर्ष :

भरपाईचा कायदा अस्तित्वात आहे; तथापि ज्याच्याकडे बिल आहे त्यालाच तो सुलभपणे उपलब्ध होतो. 'विकत घेणारा' या शब्दाऐवजी 'वापरणारा' हा शब्द ग्राहक कायद्यातील वैद्यकीय सेवेस व कलम २६ लाही लागू झाला, तर ही दरी कमी होईल.

तोपर्यंत महाविद्यालयांना काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून केसपेपर, चिठ्ठी व पाकीट जपून ठेवण्याचे महत्त्व वाड्यावस्त्यांवर सांगता येईल. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. तिच्यामुळे भरपाई मिळत नाही, परंतु इतर रुग्ण सावध होतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. दुर्गम वाडीवरील रुग्णास तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोहोचविणे, हे काम कायद्याची पदवी नसलेल्या प्राध्यापकासही सहज करता येण्यासारखे आहे.