घाणेरी : फुले देखणी, हिरवी फळे घातक



नाल्याच्या कडेला, रेल्वे रुळालगत, टेकडीच्या उतारावर, कधी विहारामागच्या मोकळ्या जागेतही एक काटेरी झुडूप आपण रोज पाहतो. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले. पान चुरगळले की उग्र वास येतो, म्हणून घाणेरी. कुठे तिला टणटणीही म्हणतात. मुले ही फुले एकमेकांत खोवून माळा करतात, फुलातला मध चोखतात. काही घरांत तर रंगाच्या रिकाम्या डब्यात हे झाड हौसेने लावलेले असते.

या झाडाची हिरवी, कच्ची फळे विषारी आहेत. पिकली की ती काळी-जांभळी होतात आणि बुलबुल ती आवडीने खातो. ‘आम्हीपण लहानपणी काळी फळे खाल्ली, काही झाले नाही,’ असे सांगणारी मोठी माणसे प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांचे खरेही असेल. पण एकाच घोसात काळी आणि हिरवी फळे शेजारी-शेजारी असतात, आणि तीन वर्षांचे पोर निवडून खात नाही. म्हणून घरात नियम एकच ठेवा : घाणेरीचे फळ तोंडात घालायचे नाही, काळेही नाही आणि हिरवेही नाही.

त्रास लगेच दिसेलच असे नाही. काही तासांनी उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. मूल मलूल पडते, गुंगल्यासारखे होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, श्वास मंदावतो. ही दृष्ट नव्हे आणि ‘बाहेरचे’ काही नव्हे. अंगारे-धुपारे आपण 1956 साली दीक्षाभूमीवरच सोडले. तरी घाबरलेल्या आईचे पाय कधीकधी तिकडे वळतात, आणि त्यात गेलेला तास परत मिळत नाही. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. गुंगीतल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडात उरलेली फळे काढा, चूळ भरायला लावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. वाहन नसेल तर 108 ला फोन करा. फळासकट एक फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. ‘रानातले काहीतरी खाल्ले’ एवढे सांगण्यापेक्षा ती फांदी डॉक्टरांच्या जास्त कामाला येते. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेवर सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचा मोफत क्रमांक 1800 116 117.

कोणी या पाल्याचा काढा सांगितला, तरी पिऊ नका. या पाल्यातले विष यकृतावर जाते, हे आपल्याला जनावरांवरून चांगले कळलेले आहे.

आता शेळ्यांबद्दल, कारण ज्या घरात शेळी आहे त्या घराची ती बँक असते. पोटभर चारा असेल तर जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात चारा संपला, किंवा बाजारातून नवीन जनावर आणले, की ते पाला ओरबाडते. मग खाणे बंद, रवंथ बंद, शेण घट्ट. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. यकृत बिघडल्यामुळे हिरव्या पाल्यातून तयार होणारे एक द्रव्य अंगातून बाहेर पडत नाही. ते कातडीत साठते आणि ऊन लागले की कातडी भाजल्यासारखी होते. नाकपुडी, कान, अंगावरचे पांढरे पट्टे आधी लाल होतात, मग फुटतात. अशा जनावराला डाग देणारे लोक अजून आहेत. भाजलेल्या कातडीला आणखी भाजून काय मिळणार? जनावर आधी सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. पोट चालणे थांबल्यामुळे खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष झिरपत राहते, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका.

ही घाणेरी मूळची आपली नाहीच. ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून ती कलकत्त्याला आणली. पाखरांनी बिया नेल्या आणि ती देशभर झाली. ती आपल्याखाली गवत वाढू देत नाही. म्हणजे चरायचे रान तीच खाते, आणि उपाशी शेळी शेवटी तिच्याकडेच येते.

नुसती वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. वर्षावासात, जमीन मऊ असताना काढा. अंगभर कपडे घाला आणि आधी काठीने झुडूप हलवा, कारण आत साप असू शकतो. जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, जिथून फांद्या फुटतात त्या गड्ड्याच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडा. मग अख्खे झुडूप उपटून उलटे ठेवा, म्हणजे मुळे वर आणि फांद्या खाली. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रूढ केली आणि तिला पैसा लागत नाही. फळे धरण्याआधी काढले तर उत्तम. पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी फिरून बघा; जमिनीतल्या बियांची रोपे येतात, ती हातानेही निघतात.

काढलेल्या झुडपांचा ढीग मात्र शेळ्यांच्या वाटेवर वाळत टाकू नका. वाळला तरी त्या पाल्यातले विष जात नाही.