मलेरियाची गोळी डेंग्यूवर का चालत नाही? समजून घ्या पेशीतल्या 'उकिरड्या'चं काम

गडचिरोली/चंद्रपूर : रोवणी आटोपते, झडी लागते आणि गावोगाव ताप सुरू होतो. घरात मागच्या वेळची क्लोरोक्वीनची गोळी उरलेली असते. "घेऊन टाक, तापच तर आहे," असं कोणीतरी म्हणतं. ही गोळी विषाणूवरही चालते, असं कोरोनाच्या काळात अनेकांनी ऐकलं होतं. त्यात तथ्य किती?

आपण शेण-कचरा उकिरड्यात कुजवतो आणि खत करून पुन्हा शेतात टाकतो. शरीरातल्या पेशीही असंच करतात. जुने, खराब झालेले भाग त्या आम्ल भरलेल्या बारीक पिशव्यांत नेऊन विरघळवतात आणि निघालेला माल पुन्हा वापरतात. याला 'ऑटोफॅजी' म्हणतात. या शोधासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं.

डेंग्यूचा विषाणू याच व्यवस्थेचा फायदा घेतो. पेशीत साठलेली चरबी तो या मार्गाने मोडायला लावतो आणि त्या ऊर्जेवर आपली संख्या वाढवतो. पेशीत शिरण्यासाठीही त्याला आम्ल लागतं. क्लोरोक्वीन नेमकं या पिशव्यांत जाऊन बसतं आणि आम्ल कमी करतं. त्यामुळे प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर, डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या विषाणूंची वाढ मंदावलेली दिसली.

माणसांवर मात्र तसं झालं नाही. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना ही गोळी दिली, पण रक्तातला विषाणू लवकर गेला नाही. रीयुनियन बेटावर 2006 च्या साथीत चिकनगुनियाच्या रुग्णांनाही फायदा झाला नाही. उलट गोळी घेतलेल्यांपैकी जास्त जणांची सांधेदुखी पुढे टिकून राहिली. कोरोनात आयसीएमआरने मार्च 2020 मध्ये याच जातीचं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी सुचवलं होतं. पण ब्रिटनमध्ये साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

असं का? भांड्यात जितकं औषध टाकता येतं, तितकं माणसाला दिलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय कोरोनाचा विषाणू फुप्फुसाच्या पेशीत आम्लाशिवाय, दुसऱ्या दारानेही शिरतो.

मग मलेरियावर ही गोळी कशी चालते? मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून निघणारं विष तो स्वतःच्या पिशवीत निकामी करून ठेवतो. क्लोरोक्वीन ते काम अडवतं आणि जंतू आपल्याच विषाने मरतो. तेही व्हायवॅक्स मलेरियात. आपल्याकडे जास्त धोकादायक असलेल्या फॅल्सिपेरम मलेरियावर आता एसीटीचा तीन दिवसांचा कोर्स देतात.

म्हणून ताप आला की आधी रक्त तपासा. आशाताईंकडच्या किटवर मलेरिया आहे की नाही ते 15-20 मिनिटांत कळतं. मलेरिया निघाला तर दिलेला कोर्स पूर्ण करा, गोळ्या उरवू नका. मलेरिया नसेल आणि ताप असेल तर दवाखान्यात डेंग्यूची तपासणी करा. तोवर पॅरासिटामॉल सांगितलेल्या मात्रेत घ्या आणि भरपूर पाणी प्या. अॅस्पिरिन, आयब्रुफेन किंवा दुखण्याचं इंजेक्शन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यूत ताप उतरताना खरा धोका सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर थांबू नका, 108 ला फोन करा.