रंग जातो, बाकी उरते

पहाटे साडेपाच

एप्रिलमध्ये धुळ्यात डोक्यानं काम करायचं असेल तर ते उन्हाच्या आधी. कॉलेजच्या मागच्या दारानं लॅबमध्ये शिरलो तेव्हा आप्पा झाडून घेत होते. रात्री लावलेली मफल फर्नेस आताच बंद झालेली. ४५० अंशांवरून उतरायला तिला वेळ लागतो, पण मला एक गोष्ट गरम असतानाच बघायची असते. चिमट्यानं पहिलं क्रूसिबल बाहेर काढलं. आत झिंक ऑक्साइड, लिंबासारखं पिवळं. फरशीच्या तुकड्यावर ठेवलं आणि बघता बघता कडेकडेनं पांढरं होत आत आत गेलं. तापला की पिवळा, निवला की पांढरा, हा या पदार्थाचा स्वभावच आहे. त्याच्या जाळीतला ऑक्सिजन उष्णतेनं किंचित सुटतो आणि हवेतून परत येतो, असं पुस्तकात समजावतात.

दुसऱ्या क्रूसिबलमध्ये तांबं घातलेलं झिंक ऑक्साइड. ते राखाडी निघालं, आणि थंड झाल्यावरही राखाडीच राहिलं. तांबं जाळीत शिरलं म्हणून हा रंग, की बाहेरच काळं कॉपर ऑक्साइड होऊन बसलंय म्हणून? डोळ्यांना यातलं काही कळत नाही. याच भट्टीतून आधी निघालेलं सॅम्पल घेऊन माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आज एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीसाठी, जळगावला निघाली आहे.

साडेसात

टी.वाय.बी.एस्सी.चा तास. विषय उत्प्रेरक. पाठ्यपुस्तक सरळ जर्मनीत जातं, अमोनिया आणि लोखंडाकडे. मी पोरांना आधी अमळनेरला नेतो. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी तिथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तेलातून हायड्रोजन सोडायचा, त्यात निकेलची बारीक पूड, आणि पातळ तेलाचं घट्ट डालडाछाप तूप. तेलाच्या रेणूतले दुहेरी बंध निकेलच्या पृष्ठभागावर सुटतात. निकेल स्वतः खर्ची पडत नाही. हीच कंपनी पुढे विप्रो झाली हे सांगितलं की मागचे बाकसुद्धा जागे होतात. खानदेशातल्या पोरांना उत्प्रेरक परका वाटू नये एवढाच माझा हेतू.

मग फळ्यावर दोन आडव्या रेघा, खालची आणि वरची. निकेलला उष्णता लागते, दाब लागतो. आमच्या धातू-ऑक्साइडांना उजेड लागतो. उजेडाच्या कणात पुरेशी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन खालच्या रेघेवरून वर उडी मारतो, खाली रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर उजेड टाकून पाणी फोडल्याचा निबंध १९७२ साली ‘नेचर’मध्ये छापला, तेव्हापासून जगभर या दोन रेघांवर माणसं करिअर करत आहेत. मीही त्यातलाच.

नऊ

द्रावणं. मिथिलीन ब्लू, लिटरला ५ मिलिग्रॅम. एवढ्याशा पुडीनं लिटरभर पाणी शाईसारखं होतं. चार बीकर: एकात रंग आणि साधं झिंक ऑक्साइड, एकात रंग आणि राखाडी पूड, एकात नुसता रंग, आणि एक काळ्या कागदात गुंडाळलेला, ज्यात पूड आहे पण ऊन नाही.

हे शेवटचे दोन बीकर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. पूड रंग नुसता शोषून घेते, त्यानंही पाणी फिकं दिसतं; आणि मिथिलीन ब्लू कडक उन्हात आपलं आपणही उडतं. हे दोन्ही वजा केल्यावर जे उरेल ते उत्प्रेरकाचं. हे बीकर न ठेवता ‘नव्वद टक्के रंग गेला’ असं लिहिणारे शोधनिबंध मी परीक्षक म्हणून कितीतरी वाचले आहेत.

सगळे बीकर आधी अर्धा तास अंधारात, स्टिररवर. पूड आणि रंग यांचा काय तो हिशोब उन्हाआधीच मिटू दे.

साडेदहा ते साडेबारा

गच्ची. झेनॉनचा दिवा महाग आहे, ऊन फुकट. आमच्या जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीनं २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला तो काही उगाच नाही. पण ऊन फुकट असलं तरी आमच्या उपयोगाचं ऊन थोडंच. झिंक ऑक्साइडच्या दोन रेघांमधलं अंतर सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट; ती उडी फक्त अतिनील किरण मारून देतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा पाचेक टक्क्यांचा. बाकीचं सगळं ऊन आम्हाला नुसतं भाजून काढतं. तांबं घालायचा खटाटोप त्यासाठीच: दिसणाऱ्या उजेडातलंही थोडं पदरात पडावं.

दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक बीकरमधून थोडं पाणी काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड तळाला बसवायची, वरचं नितळ पाणी क्युव्हेटमध्ये घेऊन ६६४ नॅनोमीटरवर रीडिंग. खानदेशी उन्हाची यात स्वतःची एक खोड आहे. पाणी उडतं. रंगाचा एक रेणूही न तुटता द्रावण घट्ट होतं आणि रीडिंग वाढतं. म्हणून बीकर पाण्याच्या परातीत ठेवायचे, वजन करायचं, आणि जेवढं उडालं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. परदेशी निबंधांच्या पद्धतीच्या भागात ही ओळ सहसा सापडत नाही. त्यांच्याकडे गरज पडत नसावी.

बाराच्या सुमारास साध्या झिंक ऑक्साइडचा बीकर पाण्यासारखा झाला. राखाडी पुडीचा त्याच्या थोडा आधी. खालच्या वर्गातली दोन पोरं बघायला आली होती, ती टाळी वाजवायच्या बेतात. मी पूर्ण आलेख उघडून दाखवला: शिखर नुसतं बुटकं झालेलं नाही, ६६४वरून डावीकडेही सरकलंय. म्हणजे रेणूच्या कडेचे मिथाइल गट गळालेत, मधला सांगाडा काही अंशी शाबूत आहे. रंग गेला म्हणजे रेणू गेला असं नाही.

आणखी एक वाकडी बाब. मिथिलीन ब्लू स्वतःच दिसणारा उजेड पितो आणि आपला इलेक्ट्रॉन पुडीला देऊन बसतो. मग राखाडी पूड उन्हात जरा जलद निघाली, तर त्याचं श्रेय तांब्याचं की रंगाचं? दिसणाऱ्या उजेडाचा दावा करायचा तर परीक्षेला बिनरंगी पदार्थ हवा. फिनॉल घेऊन हेच पुन्हा करायचं आहे.

एक

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. आप्पांनी शेवभाजी आणली होती. हातांना निळे डाग. ते काही उत्प्रेरणानं जात नाहीत.

दोन

खरी परीक्षा. शहरातल्या एका लहान रंगाऱ्याकडून कॅनमध्ये आणलेलं सांडपाणी, काळपट लाल. हेच सकाळी पाचव्या बीकरमध्ये उन्हात ठेवलं होतं. रंग जेमतेम उतरलाय. कारणं कळतात. एक, इतक्या गडद पाण्यात ऊन वरच्या थरातच संपतं, तळाच्या पुडीपर्यंत पोचत नाही. दोन, पाणी बोअरचं. आमच्या काळ्या दगडातलं पाणी जड. त्यातले बायकार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतात. रॅडिकलचं आयुष्य नॅनोसेकंदांचं, त्यात आधी जो भेटेल त्याच्याशी त्याची गाठ. डिस्टिल्ड वॉटरमधला पैलवान बोअरच्या पाण्यात चीतपट होतो.

या पाण्याचं सीओडी काढायला लावलं होतं, उन्हाआधीचं आणि नंतरचं: पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये दोन तास रिफ्लक्स. पाण्यात किती सेंद्रिय माल उरलाय ते रंगाची भीड न धरता सांगणारी ही जुनी रीत. तिच्यात क्लोराइड आडवं येऊ नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालावं लागतं. म्हणजे पाणी स्वच्छ झालं का हे तपासताना आम्ही पारा आणि क्रोमियम असलेली बाटलीभर घाण करतो. ती वेगळ्या कॅनमध्ये साठते, बेसिनमध्ये जात नाही. या एका बाबतीत मी पोरांवर ओरडतो.

साडेतीन

जळगावहून फोन. विद्यापीठ इथून नव्वदेक किलोमीटर, पारोळा आणि एरंडोलवरून. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं त्याआधी आमची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती. २०१८ पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, बोलण्यात मात्र अजून ‘उमवि’च. विद्यार्थिनी पारोळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तास उरकून तिथूनच पुढची बस धरते, कारण तास बुडाला की पैसे बुडाले.

“सर, एक्सआरडी झालं. झिंक ऑक्साइडची तिन्ही शिखरं जागेवर आहेत, ३१.८, ३४.४, ३६.३.”

“आणि ३८.७ला?”

थोडं थांबून म्हणाली, “शे, सर. लहान शे, पन शे.”

घाबरली की ती अहिराणीवर येते. ३८.७ म्हणजे कॉपर ऑक्साइड. तांबं जाळीत पूर्ण शिरलेलं नाही, काही बाहेरच बसलंय. म्हटलं, बरं झालं, एका पुडीत दोन ऑक्साइडं आली. त्यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन एकीकडे आणि रिकामी जागा दुसरीकडे जात असेल तर ती दोघं परत भेटून वाया जाण्याचं प्रमाण घटेल. कदाचित म्हणूनच पूड जलद चालली. पण हे ‘कदाचित’ सिद्ध करायला टीईएम हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, म्हणजे मुंबईच्या आयआयटीतल्या साईफ या उपकरण केंद्राला सॅम्पल पाठवा आणि रांगेत थांबा.

पाच

ब्युरेट. फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबानं, फेरोइन टाकलेलं. हिरवट निळ्यावरून एका थेंबात विटकरी. दोनदा केलं. रंगाऱ्याच्या पाण्याचं सीओडी उन्हाआधी आणि उन्हानंतर जवळजवळ सारखंच. सकाळच्या त्या निवळ बीकरलाही हीच चाचणी द्यावी लागणार, पण इतक्या पातळ द्रावणात ब्युरेटला काही पकडता येत नाही. रंग दहापट घट्ट घेऊन सगळं परत.

गाळून घेतलेल्या पाण्याची एक बाटली जस्तासाठी बाजूला ठेवली. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळतं, अल्कलीतही, आणि उन्हात थोडं झिजतं. रंग काढून बदल्यात जस्त सोडलं तर रंगाऱ्याच्या शेजारचा शेतकरी काय म्हणेल? टिटॅनियम यात पक्का आहे, पण आमच्या खिशाला झिंकच परवडतं.

रात्री आठ

भट्टीत नवी क्रूसिबलं, यावेळी तांबं निम्म्यानं कमी. विद्यार्थिनीचा मेसेज: निबंधाच्या शीर्षकात ‘कॉपर-डोप्ड’, म्हणजे तांबं जाळीत शिरलेलं, ठेवू का, तसं लिहिलं की छापायला सोपं जातं. कळवलं, ‘कंपोझिट’ लिही, आणि सीओडीचा तक्ता पुरवणीत न टाकता मुख्य मजकुरात घे. तिचा अंगठा आला. पाठोपाठ आणखी एक ओळ: मग उद्याची बस धरू का, की फिनॉल आधी लावायचं?

फिनॉल आधी. बाटली कपाटात सकाळीच बघून ठेवली आहे, गुलाबी पडली आहे. नवीन मागवावी लागेल.