मेंदूची गाठ : लेसर ऐकून जमीन विकू नका

शेतकरी बंधूंनो, 'लेसरनं मेंदूची गाठ जाळतात' हे खरं आहे. कवटीला बारीक छिद्र पाडून लेसरची तार गाठीत घालतात आणि एमआरआयवर तापमान बघत गाठ आतूनच भाजतात. गाठ खोलवर असून उघडी शस्त्रक्रिया जमत नसेल, तिथं याचा उपयोग.

पण ग्लिओब्लास्टोमा हरळीसारखा. वरची गाठ गेली तरी काशा राहतात. म्हणून किरणोपचार, गोळ्या लागतातच. २००५ च्या अभ्यासात नुसत्या किरणांवर निम्मे रुग्ण १२.१ महिने जगले. टेमोझोलोमाइड गोळ्या जोडल्यावर १४.६. लेसर ही जोड आहे, कायमचा इलाज नव्हे. सातबारा गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा, 'यानं किती दिवस वाढतील?'

मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, तर जिल्हा रुग्णालय गाठा. सरपंच मंडळींनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं जमवून द्यावीत.