खाडी पोहणारे वीर

तेरेखोलच्या मुखाशी ओहोटीची ओढ किती जबर असते, हे पेडण्याच्या कुटुंबांस सांगावयास नको. इंग्लिश खाडीतील अशीच ओढ पोहणाऱ्यास सरळ जाऊ देत नाही. १८७५ साली कॅप्टन वेब याने कोणत्याही साधनाविना ती प्रथम पार केली. त्यास २१ तास ४५ मिनिटे झुंजावे लागले. पुढे १८८३ साली हाच वीर नायगाराच्या भोवऱ्यात प्राणास मुकला. आपले मिहिर सेन अनेक अपयशांनंतर १९५८ साली ही खाडी पोहून गेले. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार केली आणि जगातील सात कठीण समुद्रमार्ग पुरे करणारे ते पहिले आशियाई ठरले. अशा वीरांच्या सोबतीस होडी असते, मागे वर्षांचा सराव असतो. नदीत उतरणाऱ्या आपल्या मुलांस आईबापांनी हेही सांगावे, अशी आमची विनंती आहे. धैर्य निराळे, बेपर्वाई निराळी.